आधी मोजा की ओ

आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या भिशीत आम्ही बाराजणी आहोत. दर महिन्याला एक चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिला त्या महिन्याची सगळी रक्कम, आणि एकदा नाव निघालं की ती चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही. एवढा साधा कारभार. तरी दरवर्षी सातवा महिना उलटला की कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून म्हणतंच, "माझं नशीबच फुटकं बाई, सात महिने झाले, नाव काय निघंना." मी घरी दहावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळं असं काही कानावर आलं की मला गप्प बसवत नाही, आणि बाकीच्या एकमेकींकडं बघून हसतात की झालं, मॅडम चालू झाल्या.

तर ते गणित असं. पहिल्या महिन्यात आपलं नाव न निघण्याची शक्यता ११/१२. दुसऱ्या महिन्यात डब्यात अकरा चिठ्ठ्या, म्हणून १०/११. मग ९/१०, मग ८/९, असं करत करत सातव्या महिन्याला ५/६. सगळे गुणा, वरचे खालचे कटाकट कापले जातात आणि हातात राहतं ५/१२. खरंतर एवढी यातायात पण नको, सातजणींना मिळाली, पाच राहिल्या, बारातल्या पाच, संपला विषय. शंभरात साधारण बेचाळीस. म्हणजे दर वर्षी पाच बायकांचं हे होणारच आहे, कुणाचं तरी होणारच आहे, त्यात फुटकं काय आलं?

मग दुसरी म्हणते, "पण आता पाचच राहिल्या ना, मग आठव्या महिन्याला चान्स जास्त." हो, आजच्या घडीला जास्त आहे, पाचात एक. पण वर्षाच्या सुरुवातीला बसून विचारलं असतं की आठव्या महिन्यात माझं नाव निघायची शक्यता किती, तर आधी सात महिने टिकायला पाहिजे म्हणून ५/१२, आणि मग पाचातली एक म्हणून १/५, गुणाकार केला की बरोब्बर १/१२. पहिला महिना घ्या, आठवा घ्या, शेवटचा घ्या, सगळ्यांना तेच. म्हणून चिठ्ठी पहिल्यांदा उचलू द्या म्हणून जी ढकलाढकली चालते (आमच्यात नाही चालत, आमच्यात शेजारचं बारकं पोर उचलतं) तिला काही अर्थ नाही. फरक पडतो तो पैशाच्या वेळेत. जिला पहिल्या महिन्यात मिळाली तिला बिनव्याजी कर्ज, जिला शेवटी मिळाली तिची बिनव्याजी ठेव. तो वेगळा विषय, आणि त्यावर तोंड पाडायला माझी ना नाही.

मागं एकदा तर भांडणच व्हायची वेळ आली. आमच्या भिशीत तीन घरं अशी आहेत की एका घरातल्या दोघी मेंबर, कुठं सासू-सून, कुठं जावा-जावा. एका वर्षी एका घरातल्या दोघी जावांना पाठोपाठच्या महिन्यात भिशी लागली आणि कुजबुज सुरू झाली की सेटिंग आहे. आता मोजा. दोन नावांना बारा महिन्यांतले दोन महिने मिळणार, तर महिन्यांच्या जोड्या किती होतात? बारा गुणिले अकरा भागिले दोन, ६६. त्यातल्या पाठोपाठच्या जोड्या पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा करत अकरा. ६६ पैकी ११ म्हणजे सहात एक. फाशावर सहा पडण्याइतकं. आणि घरं तीन आहेत! तीनपैकी निदान एका घरात तरी असं होण्याची शक्यता काढली तर शंभरात साडेएकेचाळीसच्या आसपास येते, म्हणजे परत ती बेचाळीसच्या घरातलीच. दर दोन-तीन वर्षांत एकदा हे व्हायचंच, उलट दहा वर्षांत एकदापण झालं नाही तर मी म्हणेन डब्यात कायतरी गडबड आहे.

सगळी गंमत इथंच आहे. आपल्याला काय घडलं ते दिसतं, पण काय काय घडू शकलं असतं ते कुणी मोजत नाही. शाळेत दहावीला संभाव्यतेच्या धड्यात "नमुना अवकाश लिहा" (म्हणजे काय काय घडू शकतं त्याची सगळी यादी) म्हणून प्रश्न येतो आणि पोरं नाणं, फासा, पत्ते एवढं रट्टा मारून मार्क घेऊन मोकळी होतात, बाहेर आल्यावर त्याच पोरांच्या घरात नमुना अवकाश न लिहिता लग्नं मोडतात.

लग्नावरून आठवलं, मंगळ. ह्याच्यावर लिहू का नको असं झालं होतं पण लिहितेच. माझा पत्रिकेवर विश्वास आहे का नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, मी फक्त मोजणार आहे. पत्रिकेत बारा स्थानं, आपल्याकडं पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानात मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारात पाच. आता मंगळ एका राशीत साधारण दीड महिना मुक्काम ठोकतो, पण लग्न रास (जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, स्थानं तिच्यापासनं मोजतात) मात्र दिवसभर फिरत असते, चोवीस तासांत बाराच्या बारा राशी उगवून जातात. म्हणजे मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलात एका दिवसात जन्मलेली सगळी बाळं घेतली तर मंगळ सगळ्यांना एकाच राशीत, स्थान मात्र जन्मवेळेवर. प्रत्येक स्थानाला साधारण दोन तास धरले (राशींना उगवायला सारखाच वेळ लागत नाही, पण ढोबळ हिशोबाला चालतंय) तर दिवसातले जवळपास दहा तास मंगळाचे. पुन्हा ५/१२! भिशीतल्या त्या पाच बायकांइतकंच.

म्हणजे मंगळ असणं ही काही दुर्मिळ आपत्ती नाही, शंभरातल्या बेचाळीस जणांना तो आहे. खरी मजा जोडीत. मुलगा आणि मुलगी दोघांना नाही, तर ७/१२ गुणिले ७/१२, म्हणजे १४४ पैकी ४९. दोघांना आहे, १४४ पैकी २५. राहिले ७०. १४४ पैकी ७० वेळा एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, शंभरात ४८ ते ४९. नुसत्या ह्या एका नियमावर निम्मी स्थळं बाद! आणि काही ठिकाणी दुसरं स्थानपण धरतात, मग तर बारात सहा, आणि बरोब्बर निम्मी स्थळं जुळत नाहीत. आता हा नियम कडक पाळला असता तर आपल्या पैपाहुण्यांतली निम्मी लग्नं झालीच नसती. म्हणूनच मला वाटतं ह्या नियमाला एवढे अपवाद निघाले असणार, अमुक राशीत असेल तर दोष नाही, गुरूची दृष्टी असेल तर दोष नाही, अठ्ठाविशीनंतर जातो. मी हे एका ओळखीच्या गुरुजींना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, निम्म्या लोकांची कामं मोडायची असती तर आमची दक्षिणा कुठून आली असती?" हुशार माणूस.

मोजणं ही काही बाहेरून आलेली गोष्ट नाही बरं का. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत हे सगळं घातलंय. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू असे सहा रस, त्यातले एक एक, दोन दोन, तीन तीन मिसळून किती चवी होतील असं विचारलंय. उत्तर ६, १५, २०, १५, ६ आणि १, बेरीज ६३. मी हे वर्गात भडंगावर शिकवते कारण सांगलीच्या पोराला रस सांगून कळत नाही, भडंग सांगून कळतं. गाड्यावर भडंगात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, शेव, हिरवी मिरची, सहा गोष्टी, प्रत्येक गोष्ट एकतर घालायची नाहीतर नाही घालायची. दोन गुणिले दोन असं सहा वेळा, ६४. त्यातलं एक नुसतं कोरडं भडंग, ते काढलं की ६३. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं उत्तर आणि गाड्यावरचं उत्तर एकच. पोरं लगेच विचारतात मॅडम डबल शेव कुठं धरायची, मग तिथं दोनच्या जागी तीन करा, ३२ गुणिले ३, ९६. एवढ्यावर त्यांना गुणाकाराचा नियम जो समजतो तो पुस्तकातल्या तीन शर्ट आणि दोन पॅन्टवर समजत नाही.

त्याच लीलावतीत अंकपाश म्हणून भाग आहे, त्यात शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू अदलाबदल करून दिल्या तर किती रूपं होतील असं गणित आहे, उत्तर ३६,२८,८००. आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म, तर ४ गुणिले ३ गुणिले २ गुणिले १, चोवीस. घरात संध्या करणारे कुणी असतील तर त्यांना विचारा, केशव, नारायण, माधव, गोविंद अशी नावं किती घेतात. चोवीस. आणि मूर्तिशास्त्रात त्या चोवीस नावांच्या चोवीस मूर्ती हातातल्या वस्तूंच्या क्रमावरूनच ओळखायच्या. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, परम्युटेशन शिकवायला ह्याच्याइतकं सुंदर उदाहरण नाही आणि ते आपल्या देवघराशेजारी पडून आहे.

गाड्यांच्या नंबराचं पण लोकांना फार असतं. आमच्या सांगलीच्या एमएच १० च्या मागं कुठला चार आकडी नंबर आला, "अरे बघ, दोनदा आठ आलाय, लकी." चारही आकडे वेगवेगळे असे नंबर किती? दहा गुणिले नऊ गुणिले आठ गुणिले सात, ५०४०. एकूण ९९९९. म्हणजे उरलेल्या ४९५९ नंबरांत कुठलातरी आकडा दोनदा आलेलाच असतो, जवळपास निम्म्या गाड्या लकी. आणि बेरीज नऊ पाहिजे म्हणून जे जास्तीचे पैसे भरतात, त्यांच्यासाठी, आकड्यांची बेरीज करत करत शेवटी नऊ येणारे नंबर ११११ आहेत. नवात एक. पैसे न भरतापण यायची बऱ्यापैकी शक्यता होती की ओ.

वाढदिवसाचं कोडं बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, २३ माणसं एका खोलीत असली तर दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. ऐकलं असलं तरी पटत नाही, कारण आपण डोक्यात लगेच "माझ्या" वाढदिवसाला कोण हे शोधतो. ते वेगळं. चाळीस पोरांच्या वर्गात माझ्याच तारखेचं दुसरं कोणी असायची शक्यता शंभरात दहा. पण कुणाही दोघांचं जुळायला जोड्या मोजायच्या, चाळीस पोरांच्या जोड्या ७८०, आणि प्रत्येक जोडी म्हणजे एक संधी. शक्यता शंभरात ८९. हे मी दर वर्षी जूनमध्ये नव्या बॅचला करून दाखवते, पैज चॉकलेटची, पोरं हिरीरीनं लावतात आणि बहुतेक वेळा मी खाते.

पण हीच पैज आपल्या आजोबांच्या पिढीत लावली तर? तिथं गणित लागतच नाही. शाळेत नाव घालायला नेलं, जन्मतारीख कुणाला माहीत नाही, गुरुजींनी १ जून लिहिली. अख्ख्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची ही जी गर्दी आहे ती गुरुजींच्या पेनातून झालीय. आमच्या गल्लीतच ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे, तिथं १ जूनला सामुदायिक केक कापतात. ह्यातनं एक चांगली गोष्ट शिकता येते, ३६५ तारखा सारख्याच शक्यतेच्या आहेत हे आपण धरून चाललोय, आणि ते धरणं जेवढं चुकेल तेवढी जुळायची शक्यता वाढतच जाते, कमी कधी होत नाही. कुठलंही उत्तर सांगण्याआधी आपण काय काय गृहीत धरलंय ते बघायचं. हे पुढं पुराला लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

गणपतीत जागरणाला पत्ते बसतात तेव्हा तीन पत्तीवर माझ्या दिराशी माझा दर वर्षी वाद. ५२ पत्त्यांतनं तीन पत्ते उचलायचे प्रकार २२,१००. ट्रेल, म्हणजे तिन्ही सारखे, ५२ प्रकारे. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाचे ओळीनं तीन, ४८ प्रकारे. बघा, प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ आहे, चारानं का होईना, तरी खेळात ट्रेल मोठा. साधा सिक्वेन्स ७२०, कलर (चिन्ह एकच पण ओळीत नाहीत) १०९६, जोडी ३७४४, आणि ज्यात काहीच नाही असे १६,४४०. दर चार डावांत तीन वेळा हातात कचरा येणार हे लिहून ठेवा. दीर म्हणतो, वहिनी तुम्ही खेळ खराब करता. असेल.

पत्त्याला, नाण्याला, फाशाला आठवण नसते हे मात्र लोक अजिबात मानत नाहीत. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत आपण पाचच्या पाच टॉस हरलो, शक्यता बत्तीसात एक, आणि प्रत्येक मॅचला घरात "आज तरी नक्की जिंकणार टॉस" चालू. नाण्याला काय माहीत मागच्या मॅचला काय झालं. (कप आपणच आणला ते सोडा.) टॉसपुरतं हे गमतीचं आहे, पण हाच विचार "तीन मुली झाल्या, आता मुलगाच" म्हणून घरात शिरतो तेव्हा माझी सटकते. चौथ्या वेळेला पण शक्यता जवळपास निम्मी-निम्मीच, तीन मुलींनी ती बदलत नाही. आणि चार लेकरांत दोन मुलगे दोन मुली हेच सगळ्यात नैसर्गिक असंही काही नाही, सोळा प्रकारांत दोन-दोनचे सहा आणि तीन-एकचे आठ. तीन-एकच जास्त वेळा होतं. बाईला बोल लावण्याआधी सासूबाईंनी सोळा ओळी लिहून बघाव्यात.

आता बस. मिरजेला जाणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो म्हणणार मी स्टॉपवर आलो की बस नेमकी गेलेली असते. ह्यात नशिबाचा भाग नाही, ही चक्क मोजता येणारी गोष्ट आहे. समजा तासाला दोन बस आहेत, पण एक दहा मिनिटांनी आणि दुसरी त्यानंतर पन्नास मिनिटांनी. दोन बसमधलं सरासरी अंतर तीस मिनिटं, म्हणून माणूस म्हणणार सरासरी पंधरा मिनिटं थांबायचं. पण आपण स्टॉपवर कधी पोचणार? साठ मिनिटांतली पन्नास मिनिटं तर मोठ्या गॅपची आहेत, म्हणजे सहात पाच वेळा आपण मोठ्या गॅपमध्येच घावणार आणि तिथं सरासरी पंचवीस मिनिटं थांबणार. सहात एक वेळा छोट्या गॅपमध्ये, पाच मिनिटं. एकूण सरासरी २१ मिनिटं ४० सेकंद. गॅप जितके असमान तितकं थांबणं जास्त. बसची संख्या न वाढवता नुसत्या सारख्या अंतरानं सोडल्या तरी सगळ्यांचा वेळ वाचेल, एवढं गणित आहे ह्यात.

आणि आता पूर. सांगलीत राहून शक्यतेवर लिहायचं आणि पुरावर लिहायचं नाही असं होऊच शकत नाही.

बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं पावसाळ्यात माणसं तापमान बघत नाहीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २००५ आणि २०२१ लाही पन्नाशीच्या पार. प्रत्येक पुराच्या वेळी कुणीतरी टीव्हीवर म्हणतं, "असा पूर शंभर वर्षांतनं एकदा येतो", आणि लोक त्याचा अर्थ घेतात की चला, आता शंभर वर्षं निवांत. तसं नसतं ते. त्याचा अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी असा पूर यायची शक्यता शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती शक्यता कमी होत नाही, नदी काही भिशीचा डबा नाही की एकदा चिठ्ठी निघाली की परत टाकायची नाही.

मग तीस वर्षांचं गृहकर्ज काढून नदीच्या बाजूला घर घेतलं तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा असा पूर बघायची शक्यता किती? "निदान एकदा" आलं की नेहमी उलटं जायचं, एकदाही न येण्याची शक्यता काढायची. दर वर्षी ०.९९, तीस वर्षं, ०.९९ चा तिसावा घात, ०.७४. म्हणजे येण्याची शक्यता शंभरात २६. आणि पूर्ण शंभर वर्षं धरली तरी ती शंभर टक्के होत नाही, ६३ होते. शंभरातला एक हा आकडा ऐकायला बारका वाटतो, पण तीस वर्षं रोज त्याच्या शेजारी झोपायचं म्हटलं की चारात एक होतो.

पण थांबा, तो शंभरातला एक तरी खरा आहे का? २००५ ते २०२१, दोन्ही वर्षं धरून सतरा वर्षं, आणि मोठे पूर तीन. जर खरंच दर वर्षी शंभरात एक असेल तर सतरा वर्षांत तीन पूर यायची शक्यता काढा, सतरातली तीन वर्षं निवडायचे प्रकार ६८०, गुणिले ०.०१ चा घन, गुणिले ०.९९ चा चौदावा घात. उत्तर दहा हजारांत सहा. आता दोनच गोष्टी असू शकतात, एकतर आम्ही सांगलीकर भयंकर कमनशिबी, नाहीतर तो शंभरातला एक आपल्याला लागू नाही. मी दुसऱ्याकडं झुकते. मात्र इथं एक चोरी आहे ती सांगितलीच पाहिजे. मोजायला सुरुवात २००५ पासून का केली? कारण २००५ ला पूर आला. पूर बघून खिडकी, म्हणजे कुठल्या वर्षापासनं कुठल्या वर्षापर्यंत मोजायचं ते, ठरवली की आकडा हवा तेवढा भयानक करता येतो. म्हणून २००५ चा पूर सोडून द्या, २००६ पासून सोळा वर्षांत दोन पूर असं मोजा, मग शक्यता येते शंभरात एक. दहा हजारांत सहावरनं शंभरात एकवर आलो, तरीपण ते फार कमीच आहे, संशय जात नाही, फक्त आवाज जरा खाली येतो. व्हॉट्सॅपवर जे आकडे फिरतात त्यात ही खिडकी कुठून उघडली ते कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट, वर मी दर वर्षीचे आकडे एकमेकांशी संबंध नाही असं धरून गुणले. वर्षांच्या बाबतीत ते थोडंफार चालेल. पण माणसं पुढं जाऊन घरांचे पण असेच आकडे गुणतात, की माझ्या घरात पाणी यायची शक्यता एवढी, भावाच्या घरात एवढी, दोघांकडं एकदम येणं म्हणजे गुणाकार, म्हणजे जवळपास नाहीच. अहो, दोन्ही घरं एकाच गल्लीत! पाणी आलं तर दोघांकडं येणार, नाहीतर दोघांकडं नाही. गुणाकार चालतो तो एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींना. म्हणून सामान हलवायला शेजारच्या गल्लीतल्या मेहुण्याचं घर ठरवून ठेवण्यात काही अर्थ नाही, उंचावरच्या वस्तीतला मेहुणा शोधा. २०१९ ला कितीतरी जणांनी फ्रीज-टीव्ही आधी एका घरी नेला आणि दोन दिवसांनी तिथनं परत उचलला.

मागच्या उन्हाळ्यात ओळखीतलं एक जोडपं विचारायला आलं. पूररेषेजवळची बिल्डिंग, तळमजल्याचा फ्लॅट वरच्यापेक्षा तीन लाखानं स्वस्त, घेऊ का? मी म्हटलं एकदा पाणी शिरलं तर तुमचं किती जातंय, वायरिंग, फर्निचर, रंग, गाडी, महिनाभर भाड्याची खोली, सगळं धरून. त्यांनी बसून चार लाख काढले. मग शंभर वर्षांतनं एकदा धरलं तर तीस वर्षांत सरासरी ०.३ पूर, चार लाखानं गुणलं की १ लाख २० हजार, म्हणजे तळमजला फायद्याचा. पंचवीस वर्षांतनं एकदा धरलं तर १.२ पूर, ४ लाख ८० हजार, म्हणजे तळमजला महाग. मधला आकडा कुठं येतो? तीन लाख भागिले चार लाख, पाऊण पूर तीस वर्षांत, म्हणजे चाळीस वर्षांतनं एकदा. त्यांच्यापुढचा प्रश्न मग तेवढाच राहिला, त्या बिल्डिंगच्या दारात चाळीस वर्षांतनं एकदापेक्षा जास्त वेळा पाणी येतं का कमी, आणि त्याचं उत्तर मला नाही, त्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना माहीत. ते दोघं जाऊन विचारून आले, शेजारच्या आजोबांनी भिंतीवर दोन वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा दाखवल्या, दोन्ही खिडकीच्या वर.

त्यांनी दुसऱ्या मजल्यावर घेतला. लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या माझ्याशी बोलत नाहीत.